लॉज, हॉस्टेल आणि दवाखान्यांसाठी इन्स्टंट गिझर कसा निवडावा

खोक्यावर ‘२४ लिटर’ पाहून बरेच ग्राहक ते टाकीचे माप समजतात. अशा इन्स्टंट गिझरला पाणी साठवायची मोठी टाकी नसते. २४ लिटर हे मिनिटाचे पाणी असते आणि तेही तापमानाच्या ठराविक वाढीला, बहुधा २५ अंशांना. गच्चीवरच्या टाकीतले पाणी जास्त गार असेल तर तोच गिझर कमी पाणी देतो. म्हणून नुसती खोल्यांची संख्या सांगून गिझर मागू नका. आधी दोन आकडे काढा : ऐन थंडीत पहाटे टाकीतले पाणी किती अंश असते आणि त्या वेळी एकदम किती नळ चालू असतात.

हिशेब असा

मिनिटाचे लिटर गुणिले वाढीचे अंश, भागिले १४; गिझरची लागणारी ताकद किलोवॅटमध्ये येते. समजा, महाबळेश्वरात १२ खोल्यांचे लॉज आहे. पाणी १५ अंश, अंघोळीला हवे ४२, म्हणजे वाढ २७. सकाळी सहा नळ एकदम, प्रत्येकी ६ लिटर, असे ३६ लिटर. उत्तर येते सुमारे ७० किलोवॅट. मालवणात पाणी २४ अंश धरले तर हेच ४६ वर येते. पंढरपूर, शिर्डीसारख्या ठिकाणी मात्र निम्मे नळ धरून चालत नाही. काकड आरतीला जायचे म्हणून सगळ्या खोल्या एकाच तासात उठतात. तिथे किमान तीन चतुर्थांश नळ धरा.

वीज की गॅस?

७० किलोवॅट विजेवर घ्यायचे तर थ्री फेजवर दर फेजला ९५ अँपिअरच्या वर करंट लागतो. एवढा मंजूर भार छोट्या लॉजकडे क्वचितच असतो. अशा ठिकाणी आम्ही गॅसच सुचवतो आणि एका मोठ्या गिझरऐवजी २४ लिटरचे दोन समांतर जोडायला सांगतो. एक बंद पडला तरी पाहुण्याची अंघोळ अडत नाही.

दवाखान्यातल्या किंवा ऑफिसातल्या हात धुण्याच्या बेसिनला ३ किलोवॅटचा विजेचा गिझर पुरतो. तो २२ अंश वाढीला मिनिटाला जेमतेम २ लिटर देतो, त्यामुळे त्यावर बादली भरायची अपेक्षा ठेवू नका. अर्थिंग आणि आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आम्ही जोडणी करत नाही.

२४ लिटरचा गॅस गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साडेतीन ते चार किलो गॅस खातो. थंडीत १९ किलोच्या एका सिलिंडरमधून सलग तासाला किलोभराच्या आसपासच गॅस सुटतो. सिलिंडरला बाहेरून दव धरते, दाब उतरतो आणि ऐन सकाळी पाणी कोमट होते. गिझर बिघडला असे वाटते, पण दोष मॅनिफोल्डवरच्या, म्हणजे एकत्र जोडणाऱ्या पाइपावरच्या, अपुऱ्या सिलिंडरांचा असतो.

गॅस गिझर बाथरूममध्ये कधीही बसवू नका. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. गिझर उघड्या हवेत, पावसापासून आडोशाला हवा. इमारतीच्या आत बसवावाच लागला तर धुराची नळी थेट बाहेर काढा. एक्झॉस्ट फॅन हा त्याला पर्याय नाही.

नेहमीच्या तक्रारी

वरच्या मजल्यावर गिझर पेटत नाही, कारण टाकी फक्त ३ मीटर वर असते. तेवढ्या उंचीने ०.३ बार दाब मिळतो, बहुतेक मोठ्या गिझरना त्याहून जास्त लागतो. प्रेशर पंप धरूनच बजेट करा.

गरम पाणी यायला वेळ लागतो, कारण पाइप लांब असतो. पाऊण इंची पाइपात मीटरला पाव लिटर पाणी राहते. २४ मीटरवरच्या खोलीत आधी ६ लिटर गार पाणी वाया जाते. त्यामुळे एक गिझर तळमजल्यावर ठेवण्यापेक्षा मजलावार ठेवलेले बरे.

बोअरच्या पाण्याने कॉइलमध्ये, म्हणजे पाणी तापवणाऱ्या नळीत, क्षार धरतात. कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमच्या वर असेल तर सॉफ्टनर (पाणी मृदू करणारे यंत्र) लावा. गिझरच्या दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह आणि धुण्याची तोंडे पहिल्या दिवशीच बसवून घ्या. मग दर सहा महिन्यांनी सायट्रिक ॲसिडचे ५ टक्के द्रावण तासभर फिरवले की कॉइल साफ होते.

सोलर हीटरमधून आलेले पाणी पुढे गिझरला जोडायचे असेल, तर ज्योत आपोआप कमी-जास्त करणाराच घ्या. साध्या गिझरमध्ये ४० अंशांचे पाणी शिरले की ते ६५ पार करते आणि सेफ्टी सुटून गिझर बंद पडतो.

चौकशीला येताना लाइट बिल, पाण्याचा चाचणी अहवाल आणि पाइपांचा साधा आराखडा आणा. शिवाय वरच्या मजल्यावरच्या नळाखाली १५ लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते, ते घड्याळ लावून लिहून आणा.