क्लॅरेन्स व्हॅली : एका नदीखोऱ्याच्या विलीनीकरणाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या ईशान्य किनाऱ्यावरील क्लॅरेन्स व्हॅली हे स्थानिक शासन क्षेत्र सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरचे, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून मोठे आहे. लोकसंख्या मात्र २०२१ च्या जनगणनेनुसार ५४ हजारांच्या आसपास. बुंजालुंग, गुंबैंगिर आणि येगल या मूळ रहिवाशांच्या या भूमीत १८३० च्या दशकात ‘रेड सीडर’ या मौल्यवान लाल लाकडाच्या शोधात लाकूडतोडे आले, मागोमाग गुरांचे कळप आणि ऊस आला.

‘स्थानिक शासन क्षेत्र’ म्हणजे तालुका नव्हे आणि जिल्हाही नव्हे. तेथे जिल्हाधिकारी नसतो. पोलीस आणि सरकारी शाळा राज्याकडे असतात, तर रस्ते, कचरा, बांधकाम परवाने आणि येथे पाणीपुरवठाही निवडून आलेल्या परिषदेकडे. देशाच्या राज्यघटनेत या संस्थांचा उल्लेखच नाही. तो यावा यासाठी १९७४ आणि १९८८ साली घेतलेली सार्वमते फेटाळली गेली, आणि त्यामुळे परिषद स्थापण्याचा वा मोडण्याचा अधिकार राज्याकडेच राहिला.

२५ फेब्रुवारी २००४ रोजी झालेले विलीनीकरण याच अधिकारातून आले. १८८५ पासून ‘सिटी’ म्हणवणारे, क्लॅरेन्स नदीकाठचे ग्राफ्टन शहर आणि भोवतीच्या तीन ग्रामीण परिषदा एकत्र केल्या गेल्या; पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठा पाहणाऱ्या दोन स्वतंत्र संस्थाही त्यांत विलीन झाल्या. या तिघींपैकी एक तर उलमारा आणि निंबॉयडा यांच्या परिषदा २००० साली एकमेकींत मिसळूनच बनली होती, म्हणजे तेथील रहिवाशांची परिषद चार वर्षांत दोनदा बदलली. नदी एकच, तेव्हा कारभारही एक असावा, हा युक्तिवाद पुराच्या बाबतीत खराच आहे. मार्च २००१ मध्ये ग्राफ्टनमधील हजारो लोकांना घरे सोडण्याचा आदेश देण्यात आला आणि जानेवारी २०१३ मध्ये पाणी ८ मीटरच्या वर चढून पूर रोखणाऱ्या बांधाच्या माथ्याला भिडले. असे पाणी परिषदेची हद्द पाहून थांबत नाही. तरीही डोंगरातील पशुपालक आणि नदीच्या मुखाशी असलेल्या याम्बा-इलुका या गावांचे मच्छीमार यांच्या गरजा एका अंदाजपत्रकात बसवणे अवघड आहे, आणि इतका मोठा बदल स्थानिक मतदानाविना व्हावा, हे खटकल्यावाचून राहत नाही. परिषदेची कार्यालये आजही ग्राफ्टन आणि मॅक्लीन अशा दोन ठिकाणी आहेत.

हद्दींचा प्रश्न त्यानंतर दुसऱ्याच बाजूने पुढे आला. येगल लोकांचे पारंपरिक हक्क न्यायालयाने २०१५ साली जमिनीवर आणि २०१७ साली किनाऱ्यालगतच्या समुद्रावर मान्य केले. समुद्रावरील अशी मान्यता न्यू साउथ वेल्समध्ये त्यापूर्वी कोणालाही मिळालेली नव्हती.