प्रारूप विकास योजनेवर हरकत-सूचना: कोण देऊ शकते, काय जोडायचे, सुनावणीत काय होते

नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, प्रसिद्ध झाली की गावात एकच चौकशी सुरू होते: आपल्या जागेवर आरक्षण पडलंय का, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय का? पडले असेल किंवा घरावरून रस्ता दाखवला असेल, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली हरकत घेता येते. आपल्या वॉर्डात बाजाराची जागा, वाहनतळ किंवा स्मशानभूमी दाखवायची राहिली असेल, तर त्याच कलमाखाली सूचना देता येते. दोन्हींना शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही. पुढच्या कुठल्याही टप्प्यावर इतक्या कमी खर्चात नकाशा बदलून घेता येत नाही.

तरी बहुतेक हरकती फेटाळल्या जातात, कारण त्या गाऱ्हाण्याच्या भाषेत लिहिलेल्या असतात. अर्ज वाचून नगररचनेच्या माणसाला नकाशावर लाल पेनाने नेमकी दुरुस्ती दाखवता आली पाहिजे, असा लिहा.

मुदत

मुदत राजपत्रात प्रारूप योजनेची सूचना, म्हणजे नोटीस, प्रसिद्ध झाल्याच्या तारखेपासून मोजली जाते. नगरपरिषदांच्या बाबतीत ती साधारणपणे ३० दिवसांची असते. नेमका आकडा सूचनेतच छापलेला असतो. स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात काही दिवस उशिरा येऊ शकते. कात्रणावरची तारीख धरून दिवस मोजणारे लोक म्हणूनच हमखास उशिरा पोहोचतात. राजपत्राची तारीख नगरपरिषदेच्या नोटीस बोर्डावर किंवा बांधकाम विभागात विचारून घ्या. शेवटच्या दोन दिवसांत आवक खिडकीवर रांग लागते, तेव्हा तोवर थांबू नका.

"अजून प्रारूपच आहे, मंजूर होईल तेव्हा बघू" हा सल्ला गावोगाव दिला जातो आणि तो चुकीचा आहे. योजना तयार करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर झाल्यापासूनच कलम ४३ प्रमाणे परवानगीशिवाय विकास करता येत नाही. शिवाय बांधकाम परवानगीचा अर्ज तपासताना प्रारूप योजनाही विचारात घ्यावी लागते, असे कलम ४६ सांगते. योजना मंजूर व्हायला वेळ लागला तरी तुमची परवानगी आजच अडकू शकते.

पात्रता

कोणतीही व्यक्ती हरकत किंवा सूचना देऊ शकते. जागेची मालकी असलीच पाहिजे असे नाही. भाडेकरू, शेजारी, गृहनिर्माण संस्था, व्यापारी संघटना, बचत गट, शाळेचे व्यवस्थापन यांपैकी कुणीही अर्ज देऊ शकतो. सातबारा अजून मयत आजोबांच्या नावावर असेल तरी वारस अर्ज करू शकतो. फक्त वारस नोंदीचा फेरफार किंवा नात्याचा पुरावा जोडावा. सामाईक खाते असेल तर सगळ्या खातेदारांच्या सह्या सक्तीच्या नाहीत, पण असल्या तर सुनावणीत "तुमच्या भावाचं काय म्हणणं आहे?" या प्रश्नात वेळ जात नाही.

आधी नकाशा आणि अहवाल नीट वाचा

प्रारूप योजनेचे दोन भाग असतात, नकाशे आणि अहवाल. लोक नकाशा पाहून घरी जातात. अहवालातला आरक्षणांचा तक्ता जास्त महत्त्वाचा आहे. त्यात आरक्षण क्रमांक, प्रयोजन, गट किंवा सर्व्हे क्रमांक, क्षेत्र आणि समुचित प्राधिकरण म्हणजे ती जागा कोण संपादित करणार, हे दिलेले असते. नकाशावर आरक्षण एका गटात रंगवलेले आणि तक्त्यात शेजारचा गट छापलेला, अशा चुका सापडतात. अशी विसंगती दाखवणारी हरकत टाळणे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला अवघड जाते.

क्षेत्र हेक्टरमध्ये असते. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजेच ४,००० चौरस मीटर, म्हणजे साडेएकोणचाळीस गुंठे. बोलताना आर आणि गुंठा एकच धरतात. लिहिताना चौरस मीटरच लिहा.

नकाशाचे प्रमाण तर पाहाच. प्रमाण १:४००० असेल तर कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४ मीटर. १२ मीटरचा रस्ता तिथे ३ मिलिमीटर रुंदीचा दिसतो आणि ६ मीटर रुंदीचे घर दीड मिलिमीटरचे. रेघेच्या जाडीतच भिंत आत किंवा बाहेर जाते. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या फोटोत हे प्रमाण पार बिघडलेले असते, त्यामुळे त्यावरून "माझं घर वाचलं" किंवा "गेलं" असे ठरवू नका. नगरपरिषदेकडे अर्ज करून आपल्या गटाचा भाग नकाशा प्रमाणित करून घ्या. कायद्यानेच अशा प्रमाणित प्रती वाजवी किमतीत विक्रीस ठेवणे बंधनकारक आहे. रंगांचा अर्थ अंदाजाने लावू नका. पिवळा रहिवासासाठी असतो हे बहुतेकांना माहीत असते, पण आडव्या-तिरप्या रेघांमध्ये विद्यमान काय आणि प्रस्तावित काय, हे नकाशावरच्या सूचीतच कळते.

विद्यमान जमीन वापर नकाशाही मागून पाहा. प्रारूप योजना याच सर्वेक्षणावर उभी असते. तुमची शाळा, गोदाम किंवा वस्ती त्यात "रिकामी जागा" म्हणून नोंदली गेली असेल, तर आरक्षण तिथे का आले याचे कारण तुम्हाला सापडले. मग हरकतीची सुरुवात तिथूनच करा.

कागदपत्रे

मालकीसाठी अलीकडचा सातबारा आणि ८अ म्हणजे खाते उतारा जोडा. नगर भूमापन झालेल्या भागात सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागते. जुन्या हद्दीत मिळकत पत्रिका आणि वाढीव हद्दीत सातबारा, अशी सरमिसळ छोट्या शहरांत नेहमीची असते, तेव्हा आपला क्रमांक कोणत्या दप्तरातला आहे हे आधी पक्के करा. खरेदीखत सोबत असले तरी चालते, पण नोंद न झालेले खरेदीखत एकटेच जोडले तर प्रश्न येतात.

जागा ओळखण्यासाठी प्रमाणित भाग नकाशा आणि भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा, म्हणजे 'क' प्रत लागते. मोजणी झालेली नसेल तर आता अर्ज करून ती हरकतीच्या मुदतीत हाती येईल असे समजू नका. गटबुकाचा उतारा जोडा, मोजणीच्या अर्जाची पावती लावा आणि 'क' प्रत सुनावणीच्या वेळी सादर करीन असे लिहून द्या.

सगळ्यात जास्त वजन असते ते आधीच्या परवानग्यांना: अकृषिक आदेश, मंजूर रेखांकन (लेआउट), बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र. तारखा इथे निर्णायक ठरतात. मंजूर रेखांकन प्रारूप योजनेच्या आधीचे असेल तर तो मुद्दा हरकतीच्या पहिल्याच ओळीत यायला हवा, शेवटच्या पानावर नव्हे. घरपट्टीची पावती जोडा, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. कर भरल्याने बांधकाम अधिकृत ठरत नाही, आणि समितीतले लोक हे ऐकवल्याशिवाय राहत नाहीत.

दुसऱ्याच्या वतीने येणाऱ्याने सही केलेले अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत आणावी. संस्थेच्या वतीने असेल तर ठरावाची प्रत लागते.

अर्ज

अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा. सूचनेत वेगळा अधिकारी किंवा ई-मेल दिला असेल तर तो पत्ता घ्या. एका अर्जात एकच विषय ठेवा. रस्ता, आरक्षण आणि गटाराची तक्रार एकत्र केली की नोंद एकाच विषयाखाली होते आणि बाकीचे दोन हरवतात. मजकूर साधारण असा:

विषय: प्रारूप विकास योजना, कलम २६ अन्वये हरकत. गट क्र. ११२/२, प्रस्तावित १२ मीटर रस्ता.

१) वरील गटातून दक्षिणोत्तर १२ मीटर रुंद रस्ता प्रस्तावित आहे. त्यात दिनांक … च्या परवानगीने बांधलेली विहीर व घर बाधित होते (परिशिष्ट अ, ब).
२) गटाच्या पश्चिम हद्दीवर वहिवाटीचा रस्ता आहे. रस्त्याची मध्यरेषा १४ मीटर पश्चिमेस घेतल्यास घर व विहीर वाचतात आणि रस्त्याची सलगता व रुंदी कायम राहते (परिशिष्ट क, लाल रेषा).
३) विनंती: रस्त्याची आखणी परिशिष्ट क प्रमाणे सुधारावी. सुनावणीची संधी द्यावी.

तिसरा मुद्दा नीट पाहा. "अन्याय दूर करावा" या मागणीवर समितीला काही लिहिता येत नाही. आखणी सुधारण्याच्या मागणीवर मान्य किंवा अमान्य असा शेरा द्यावाच लागतो.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्या. ई-मेलने पाठवला तरी कागदी प्रतही द्या. २०० सह्यांचा अर्ज असेल तर पहिल्या पानावर पत्रव्यवहारासाठी एकच नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहा, नाहीतर सुनावणीची नोटीस पहिल्या सहीच्या पत्त्यावर जाते आणि तो गृहस्थ नेमका पुण्याला मुलाकडे गेलेला असतो. एकाच छापाचे शेकडो अर्ज दिल्याने वजन वाढत नाही; त्यांचा एकच गट करून ते एकत्र ऐकले जातात. दहा जणांनी आपापल्या जागेची कागदपत्रे लावून दिलेले दहा अर्ज जास्त कामाचे.

कोणते मुद्दे टिकतात

"माझ्या जमिनीची किंमत पडली", "शेजाऱ्याची सोडली आणि माझीच घेतली" हे खरे असले तरी एवढ्यावर बदल होत नाही. टिकतात ते असे मुद्दे: आधीची मंजुरी, नकाशा आणि तक्ता यांतली विसंगती, पुराचे पाणी येणाऱ्या किंवा तीव्र उताराच्या जागी दाखवलेले शाळेचे किंवा दवाखान्याचे आरक्षण, जवळच आधीपासून असलेली तीच सुविधा, आणि पर्यायी जागा. पर्याय सरकारी किंवा नगरपरिषदेच्या मालकीचा असेल तर उत्तमच, कारण संपादनाचा खर्च वाचतो. गायरान सुचवताना मात्र ते प्रत्यक्षात कशासाठी वापरात आहे हे पाहून घ्या. गावाची गुरे तिथे चरत असतील तर दुसऱ्याच दिवशी तुमच्या सूचनेविरुद्ध हरकत येईल.

आरक्षण पूर्ण उठणार नसेल तर मधला मार्गही मागता येतो. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत समावेशक आरक्षणाची तरतूद आहे. तिच्यात मालक ठरलेला भाग विकसित करून प्राधिकरणाला देतो आणि उरलेला स्वतः वापरतो. जागा देऊन हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर), म्हणजे दुसऱ्याला विकता येणारा बांधकामाचा हक्क, घेण्याचाही पर्याय आहे. छोट्या शहरात या हक्काला गिऱ्हाईक मिळतेच असे नाही, तेव्हा तो स्वीकारण्यापूर्वी बाजारात चौकशी करा.

सुनावणी

हरकती नियोजन समिती ऐकते. कलम २८ प्रमाणे तिच्यात नगरपरिषदेच्या समितीचे ३ सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणाची जाण असलेले जास्तीत जास्त ४ नियुक्त सदस्य असतात. मूळ कागद, पोच आणि लाल रेषा मारलेला नकाशा घेऊन जा. वेळ फार थोडा मिळतो. कुटुंबाचा इतिहास सांगत बसू नका. नकाशा टेबलावर पसरा, बोट ठेवा आणि पर्याय दाखवा. नवा कागद दिलात तर त्याचीही पोच घ्या. स्वतः जाता येत नसेल तर प्रतिनिधी पाठवा, कारण गैरहजर माणसाच्या अर्जातली शंका दूर करायला तिथे कोणी नसते.

"आरक्षण उठवून देतो" म्हणणारे मध्यस्थ याच सुमारास फिरू लागतात. समितीचे काम शिफारस करण्याचे. एकटा माणूस तिथे काही उठवू शकत नाही.

त्यानंतर

समितीच्या अहवालावर नगरपरिषद निर्णय घेते, केलेले बदल प्रसिद्ध करते आणि योजना मंजुरीसाठी शासनाकडे जाते. बदलांची ही यादी जरूर वाचा. दुसऱ्या कुणाची हरकत मान्य होऊन त्याच्या जागेवरचा रस्ता तुमच्या गटात सरकलेला असू शकतो. शासनाने मंजुरी देताना सारभूत, म्हणजे मोठ्या स्वरूपाचे, बदल सुचवले, तर तेवढा भाग वगळून उरलेली योजना मंजूर होते आणि वगळलेल्या भागावर पुन्हा हरकती मागवल्या जातात. ती सूचना वेगळी असते आणि तिची मुदतही वेगळी. समितीने तुमच्या अर्जावर काय शेरा दिला हे नगरपरिषद सांगत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांच्या शुल्कात करता येतो; त्यात आवक क्रमांक लिहा.

ही संधी चुकली तर पुढे कलम ३७ खाली फेरबदल करून घ्यावा लागतो. त्यात नगरपरिषदेचा ठराव, पुन्हा हरकती आणि शासनाची मंजुरी, असा पूर्ण फेरा असतो. दुसरा मार्ग कलम १२७ चा. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांत जागा संपादित झाली नाही, तर मालकीचे पुरावे जोडून खरेदी सूचना, म्हणजे जागा विकत घ्या अशी नोटीस, देता येते. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे संपते. मालकीचे पुरावे न जोडता दिलेली सूचना ग्राह्य धरली जात नाही आणि मग २४ महिन्यांची मोजणीच सुरू होत नाही.