बोध कुणी करायचा, कसा घ्यायचा : मराठवाड्यातल्या मंडळ्यांची पार्श्वभूमी

ख्रिस्ती मंडळीत 'पाळकसाहेबांनी (पाद्र्यांनी) बोध केला' असे कुणी सांगितले, तर प्रवचन झाले, खचलेल्याला धीर दिला की कुणाची कानउघाडणी झाली, हे कळत नाही. गोंधळ बायबलच्या भाषांतरातच आहे. इब्री ३:१३ मध्ये मूळ ग्रीक क्रियापद 'पाराकालेओ', म्हणजे जवळ बोलावून उत्तेजन देणे. कलस्सै ३:१६ मध्ये 'नूथेतेओ', म्हणजे चूक दाखवून समज देणे. प्रचलित मराठी पवित्र शास्त्रात दोन्हीकडे 'बोध'. १ थेस्सलनी ५:१४ मात्र भेद ठेवते: बेशिस्तांना समज, खचलेल्यांना धीर, अशक्तांना आधार, सर्वांशी सहनशीलता. खचलेल्याला समज दिली की तो मंडळीत येणेच सोडतो. त्यात पैठणच्या या मुलखात बोध गुरूकडून शिष्याकडे, वरून खाली येतो. वचनांतला 'एकमेकांना' हा शब्द कानाआड होतो.

व्यवस्थेनेही तेच घट्ट केले. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, निजामाच्या राज्यात, औरंगाबादेत अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) आणि जालन्यात स्कॉटिश प्रेस्बिटेरियन पंथाचे मिशनकाम रुजले. जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. मिशनच्या पगारावरच्या शिक्षकाला समज देणारा आणि पगार देणारा एकच. दोष कबूल करायचा म्हणजे पोटावर पाय यायचा धोका. मग साहेबासमोर मान डोलवायची आणि कंपाऊंडात कुरकुर करायची.

चुकलेल्याचे प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीतला सहभाग, कुणी थांबवायचे, हा वाद अजून मिटलेला नाही. अँग्लिकन रीतीत पाळक थांबवू शके, पण १६६२च्या प्रार्थनापुस्तकातल्या नियमाप्रमाणे १४ दिवसांत वरिष्ठांना कळवणे बंधनकारक. प्रेस्बिटेरियन रीतीत निर्णय वडीलमंडळाचा (मंडळीने नेमलेल्या वडीलधाऱ्यांचा), सामूहिक. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ एक होऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झाले, आणि या दोन्ही सवयी एका छपराखाली आल्या. आमच्या मते वडीलमंडळाची रीत बरी होती. हल्लीच्या निवडून आलेल्या पॅस्टोरेट कमिटीत (मंडळीच्या कारभार समितीत) आज समज देणाऱ्याला उद्या मते मागायची असतात.

समज देण्याचा मत्तय १८:१५-१७ चा क्रम सर्वांना पाठ आहे: आधी एकट्यात, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीसमोर. बिघडते ते पहिलीच पायरी गाळल्याने. हल्ली तर विषय थेट व्हॉट्सॲप ग्रुपवर येतो. ज्याला समज मिळते त्याने नेमकी कोणती गोष्ट, केव्हाची, हे विचारावे. ऐकीव गोष्ट असेल तर पाहणाऱ्याला समोर बोलवायला सांगावे. उत्तर त्याच बैठकीत देऊ नये, पण 'विचार करतो' म्हणून महिनाभर लोंबकळतही ठेवू नये. दहातली एक गोष्ट खरी असेल तर तेवढी मान्य करावी. उरलेल्या नऊंवर नंतर बोलता येते.

२ करिंथ २:६-८ सहसा वाचलेच जात नाही. तिथे चुकलेल्याला झालेली शिक्षा पुरे झाली, आता क्षमा करा, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल, असे सांगितले आहे. म्हणून प्रभुभोजन थांबवतानाच मुदत, परतण्याची अट आणि तोवर त्याच्या घरी कोण जाणार, हे ठरवावे लागते. ते ठरले नाही तर माणूस पुढच्या गल्लीतल्या घरगुती संगतीत (घरात भरणाऱ्या प्रार्थनागटात) जाऊन बसतो. तिथे त्याला मागचे कुणी विचारत नाही, आणि इथले कुणी त्याला बोलवायला जात नाही.