कंदफुलांचा घरातील बहर

ट्यूलिप, हायसिंथ, नर्गिस, क्रोकस यांसारख्या वसंतात फुलणाऱ्या वनस्पतींचे कंद कुंडीत किंवा नुसत्या पाण्यावर ठेवून त्यांना घरात, बागेतील फुलांच्या काही आठवडे आधी, फुलवण्याची ही पद्धत आहे. फळबागेत पाणी तोडून आणि ताण देऊन बहर धरतात. येथे पाण्याऐवजी ऊब तोडायची असते. बहर लवकर येतो म्हणून झाडावर जबरदस्ती केली जाते असा समज आहे, पण तो फारसा बरोबर नाही. कंदाला जो हिवाळा हवा असतो तोच त्याला ठरवून दिला जातो आणि संपवलाही ठरवून जातो.

या पद्धतीचे सारे मर्म कंदाच्या आतल्या घडणीत आहे. ट्यूलिपची पाने उन्हाळ्यात पिवळी पडून वाळतात आणि वरून पाहता झाड संपते. परंतु कोरड्या, निपचित दिसणाऱ्या त्या कंदात नेमके याच काळात पुढच्या वर्षीचे फूल तयार होत असते. शरद ऋतूत असा कंद उभा चिरला, तर जाड मांसल पापुद्र्यांच्या मधोमध चिमुकली पिवळट कळी दिसते आणि साध्या भिंगाखाली तिचे पुंकेसरही मोजता येतात. म्हणजे कंद विकत घेतला जातो तेव्हा त्यात फूल असतेच. कुंडीत कितीही खत घातले तरी त्या वर्षीच्या फुलात काही भर पडत नाही. ते गेल्या हंगामातील पानांनी साठवलेल्या अन्नावर उमलते. त्यामुळे भरीव, वजनदार, बुरशी न लागलेला कंद निवडणे हे पुढच्या सगळ्या निगेपेक्षा महत्त्वाचे ठरते.

कळी तयार असूनही ती बाहेर येण्यासाठी थंडी लागते. २ ते ९ अंश सेल्सिअस तापमानात काही आठवडे राहिल्यावर कंदातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होते आणि फुलाचा दांडा लांबण्यास समर्थ होतो. ट्यूलिपला अशी थंडी साधारण १२ ते १६ आठवडे लागते, हायसिंथला त्याहून थोडी कमी. या प्रक्रियेला सरसकट वासंतीकरण म्हटले जाते, पण काटेकोर अर्थाने ते चूक आहे. वासंतीकरणात थंडीमुळे फूल धरण्याची क्षमता येते. ट्यूलिपमध्ये फूल आधीच धरलेले असते, थंडी फक्त दांड्याची वाट मोकळी करते. थंडी अपुरी पडली तर याचा प्रत्यय येतो : दांडा खुंटतो आणि फूल पानांच्या बेचक्यातच कसेबसे उमलते. पेपरव्हाइट नावाच्या नर्गिसाला मात्र थंडीची गरज नसते, म्हणून नवशिक्यांना तोच आधी सुचवला जातो.

तापमान आणि कंदातील फूल यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास नेदर्लंड्समधील वाखेनिंगन येथे अँटन ब्लाऊ या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात केला. त्या देशात ट्यूलिपची ख्याती त्याहून बरीच जुनी. वनस्पतिशास्त्रज्ञ कारोलस क्लुसियस यांनी लायडन येथील वनस्पती उद्यानात लावलेले ट्यूलिप १५९४ मध्ये फुलले होते.

लागवड शरद ऋतूत करतात. निचऱ्याची भोके असलेल्या कुंडीत भुसभुशीत माती भरून कंद खांद्याला खांदा लावून, शेंडे जेमतेम वर राहतील असे बसवतात. १५ सेंटिमीटरच्या कुंडीत ट्यूलिपचे ६ किंवा हायसिंथचे ३ कंद मावतात. ट्यूलिपच्या कंदाची एक बाजू चपटी असते. ती कुंडीच्या काठाकडे ठेवावी, कारण पहिले रुंद पान त्या बाजूने निघते आणि काठावरून बाहेर झुकून कुंडी भरल्यासारखी दिसते. नंतर कुंडी अंधाऱ्या, थंड जागी ठेवून माती ओलसर राखतात. जेथे हिवाळा सौम्य असतो तेथे फ्रीज हाच पर्याय उरतो, पण त्यात सफरचंदे किंवा इतर पिकणारी फळे ठेवू नयेत; त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूने कळी कंदातच मरते. कोंब दोन-तीन बोटे वर आले की कुंडी उजेडात आणतात, मात्र पहिले काही दिवस १५ अंशांच्या आतच ठेवतात. इथेच बहुतेकांची घाई नडते : एकदम उबदार खोलीत आणलेली कळी उमलण्याआधीच सुकते. नीट सरावलेली कुंडी तीन-चार आठवड्यांत फुलते.

हायसिंथ मातीशिवायही वाढतो. त्यासाठी मान अरुंद आणि तोंड पेल्यासारखे पसरट असलेले काचेचे भांडे असते. कंद त्या पेल्यात बसतो आणि पाणी त्याच्या बुडाला न टेकता किंचित खाली राहते; बूड भिजत राहिले तर कंद कुजतो. हायसिंथच्या कंदावरील सूक्ष्म सुईसारख्या स्फटिकांनी हात खाजतो, म्हणून तो हाताळताना हातमोजे घालावेत.

उमललेल्या फुलांचे वागणे पाहण्यासारखे असते. ट्यूलिप उबेने उघडतो आणि गारव्याने मिटतो, कारण पाकळीची आतली बाजू उबेत आणि बाहेरची बाजू गारव्यात अधिक वेगाने वाढते. परिणामी रोजच्या उघडझापीत पाकळ्या थोड्याथोड्या लांबत जातात. तोडलेल्या ट्यूलिपचा दांडासुद्धा फुलदाणीत वाढत राहून उजेडाकडे वळतो, त्यामुळे नीटनेटकी मांडणी दोन दिवसांत विस्कटते. ती पुन्हा सरळ करण्याच्या खटपटीत न पडणेच बरे. नर्गिसाच्या कापलेल्या देठातून चिकट रस झरतो व तो ट्यूलिपला लवकर कोमेजवतो, म्हणून नर्गिस आधी एक दिवस वेगळ्या पाण्यात ठेवून, देठ पुन्हा न कापता, इतर फुलांत मिसळतात. रात्री फुले गार जागी हलवली की बहर अधिक दिवस टिकतो.

नर्गिसाचा कंद कांद्यासारखा दिसतो, पण तो विषारी असून खाण्यात आल्यास उलट्या होतात. तो स्वयंपाकघरात ठेवू नये.

फुले सरल्यावर दांडा छाटून पाने पिवळी पडेपर्यंत पाणी देत राहिले, तर मातीत वाढवलेले नर्गिस आणि हायसिंथ बागेत लावता येतात व एखाद्या वर्षाच्या खंडानंतर पुन्हा फुलतात. ट्यूलिप क्वचितच साथ देतो. पाण्यावर फुललेला कंद तर आतून पार रिता झालेला असतो आणि बोटांनी दाबला की पापुद्रे पोकळ लागतात.