ग्रीनलँड कयाक : प्रवास आणि रोलसाठी रचना

ग्रीनलँड कयाक : ग्रीनलँडच्या इनुइट लोकांनी समुद्रावर सील आणि नार्व्हल यांची शिकार करण्यासाठी घडवलेली, एका माणसाची, वरून बंद असलेली अरुंद होडी. लांबी साधारण 5 ते 5.5 मीटर, रुंदी 48 ते 55 सेंमी, ठेंगणी पाठ (होडीचा वरचा बंद पृष्ठभाग), तळ आणि बाजू जिथे मिळतात तिथे स्पष्ट कड, आणि वर उचललेली दोन्ही टोके ही तिची ओळख. शिकारीसाठी तिचा वापर आता फार थोडा उरला आहे. जगभर ती बांधली जाते ती मुख्यतः दोन कामांसाठी : किनाऱ्याकिनाऱ्याने अनेक दिवसांचा प्रवास, आणि रोल, म्हणजे होडी उलटल्यावर बाहेर न पडता अंगाच्या हालचालीने पुन्हा सुलटे होणे. ही दोन कामे होडीकडून परस्परविरुद्ध गोष्टी मागतात. प्रवासाला सामानाची जागा हवी, रोलला होडी अंगाबरोबर आणि पाण्यालगत हवी. रचनाकाराचा खरा कस या ओढाताणीत लागतो.

ग्रीनलँडमध्ये होडीच्या लाकडाची झाडे नाहीत. शिकारी वापरत ते वाहून आलेले लाकूड. सायबेरियातल्या नद्यांचे ओंडके समुद्राच्या बर्फात अडकून, त्याच्याबरोबर आर्क्टिक महासागर ओलांडून ग्रीनलँडच्या किनाऱ्याला लागत. लाकूड मोजकेच असल्याने फळ्यांची होडी परवडणारी नव्हती. म्हणून पातळ लाकडाचा सांगाडा आणि त्यावर सीलच्या कातड्याचे आवरण अशी बांधणी रूढ झाली. सांधे खिळ्यांऐवजी बांधून घेत, त्यामुळे सांगाडा लाटेवर किंचित लवत असे. सांगाडा पुरुष करत. कातडी कमावणे आणि पाणी आत येणार नाही अशी शिवणे हे काम स्त्रियांचे. टाका कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच फिरवायचा, आरपार भोक पडू द्यायचे नाही, हे त्यातले कसब. या शिवणीवर शिकाऱ्याचा जीव अवलंबून असे, आणि कयाकच्या इतिहासात या कारागीर स्त्रियांचा उल्लेख फारच कमी वेळा होतो.

मापे अंगावरून घेत. लांबी सुमारे तीन वाव (दोन्ही हात पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर तो वाव), रुंदी म्हणजे बसलेल्या माणसाचे नितंब आणि दोन्ही बाजूंना एकेक मूठ, बसण्याच्या जागेची खोली म्हणजे मूठ आणि वर ताठ धरलेला अंगठा. प्रत्येक भागाची रीत थोडी वेगळी होती, पण तत्त्व एकच. 170 सेंमी वाव असलेल्या माणसाची होडी त्यामुळे 510 सेंमीच्या आसपास येते. आजच्या रचनाकाराने हे आकडे आरंभबिंदू म्हणून जरूर घ्यावेत, मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ती होडी भाला, दोर, सीलच्या कातड्याचा फुगा आणि परतताना शिकार वाहणारी होती. तंबू, स्टोव्ह आणि आठवड्याचे पाणी पोटात भरणारी नव्हती.

सांगाड्याचा जोर काठाच्या दोन फळ्यांवर असतो. या फळ्या रुंद ठेवतात. त्यांच्यात खाचा पाडून वरच्या आडपट्ट्या बसवतात आणि खालच्या धारेतल्या खोबणींत वाफेवर वाकवलेल्या फासळ्यांची टोके अडकवतात. फासळ्यांखालून तीन लांब पट्ट्या जातात : मधोमध तळकणा आणि दोन्ही बाजूंना कडेच्या पट्ट्या. काठाच्या फळ्या उभ्या न ठेवता वरच्या बाजूने बाहेर झुकवतात, आणि होडीचा डौल तिथेच ठरतो. सरळ फळ्या बाहेर झुकवून त्यांची टोके एकत्र खेचली की मधला भाग खाली जातो आणि टोके आपोआप वर उचलली जातात. कल जास्त तर टोके जास्त उंच. वक्र कापलेल्या फळीची गरजच पडत नाही. पहिल्यांदा दोर आवळून हे घडताना पाहिले की कागदावरच्या दहा रेखाकृतींनी न कळलेली गोष्ट लगेच उमगते. म्हणून नवशिक्याने संगणकावर आकार घोळवत बसण्याआधी एक मीटर लांबीच्या पट्ट्यांचा नमुना करून पाहावा.

आडव्या छेदाचा आकार ठरवताना पहिला मोह होतो तो रुंदी वाढवण्याचा. पाण्याच्या रेषेवरच्या आकारातून मिळणारे आरंभीचे स्थैर्य रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते : 50 सेंमीची होडी 55 सेंमी केली की हा भाग जवळपास एकतृतीयांशाने वाढतो. नवशिक्याला तेवढ्यानेही फार सुरक्षित वाटते. पण रुंद, सपाट होडी बाजूने येणाऱ्या लाटेच्या उताराबरोबर कलते आणि बसणाऱ्यालाही कलवते. शिवाय उलटी झाली की तशीच उलटी राहायला पाहते. आपल्या कोकणातली लहान होडी उलांडी लावून स्थिर होते, कयाकला मात्र माणसाच्या कंबरेने तोलायचे असते. ग्रीनलँडच्या होडीचा उथळ ‘व्ही’ आकाराचा तळ स्थिर पाण्यात किंचित डुलतो, पण ती कलवली की बाहेर झुकलेली बाजू पाण्यात उतरते आणि आधार वाढत जातो. कड पाण्यात रुतवून वळणेही घेता येते. 50 ते 52 सेंमी रुंदी मध्यम बांध्याच्या माणसाला दोन्ही कामांसाठी पुरते, असे माझे मत आहे.

रोलचे यांत्रिक सूत्र समजले की बाकीची मापे का तशी आहेत ते कळते. पाठीवर झुकून केला जाणारा नेहमीचा ग्रीनलँड रोल असा : माणूस पुढे वाकून वल्हे काठालगत धरतो आणि होडीबरोबर पाण्याखाली जातो. मग वल्ह्याचे पाते पृष्ठभागालगत बाहेर फिरवत धड वळवतो आणि छाती आकाशाकडे करत अंग पाण्याच्या वर तरंगू देतो. अंग तरंगत असताना एका गुडघ्याने होडी स्वतःखाली ओढून घेतो, धड मागच्या पाठीवर सरकवतो आणि डोके सर्वांत शेवटी पाण्याबाहेर काढतो. वल्ह्यावर जोर देऊन स्वतःला उचलायचे नसते. तरबेज माणूस हेच वल्ह्याऐवजी नोर्साक या भाला फेकायच्या आखूड फळीने, नुसत्या तळहाताने, इतकेच काय, हात छातीशी बांधल्यासारखे धरूनही करतो.

यासाठी होडीत दोन जागा नेमक्या हव्यात. पहिली मागची पाठ. कॉकपिटची, म्हणजे बसण्याच्या तोंडाची, मागची कड कंबरेत रुतली की माणसाला पाठ टेकता येत नाही, अंग अर्ध्यावर उचलावे लागते आणि रोल फसतो. निव्वळ रोलच्या होडीत इथली उंची 18 सेंमी किंवा त्याहूनही कमी ठेवतात. दुसरी जागा मांड्यांवरून जाणारी, कॉकपिटच्या पुढची कमानदार आडपट्टी. पाय सरळ पसरून बसायचे, तळवे त्याहून पुढच्या दुसऱ्या आडपट्टीला टेकवायचे, आणि गुडघ्याच्या थोड्या वरच्या भागाने मांड्यांवरची कमान आतून दाबायची. होडी अंगाला जोडली जाते ती इथे. कमान दोन सेंमी उंच झाली तर माणूस होडीत नुसता बसलेला राहतो. दोन सेंमी खाली आली तर अर्ध्या तासात पाय बधिर होतात.

शिकाऱ्यासाठी रोल हा खेळ नव्हता. भाल्याचा दोर अडकला, जखमी प्राण्याने हिसका दिला की होडी उलटे, आणि त्या गार पाण्यात पोहणे म्हणजे मरण. अंगात तुइलिक असे : कातड्याचा डगला, ज्याची खालची कड कॉकपिटच्या कड्यावर, बाह्या मनगटांवर आणि टोपी चेहऱ्याभोवती घट्ट आवळलेली. आज तो निओप्रीन या रबरी कापडाचा मिळतो. तरीही धोका होताच. पूर्व ग्रीनलँडमध्ये कयाक आणि रोल शिकलेला तरुण ब्रिटिश संशोधक जिनो वॉटकिन्स 1932 मध्ये एकटा शिकारीला गेला आणि परतला नाही. त्याची रिकामी कयाक सापडली. दुसऱ्या बाजूला, वायव्य ग्रीनलँडमधल्या इनुइटांत कयाकची विद्या लोपली होती. ती 1860च्या दशकात बॅफिन बेटावरून स्थलांतर करून आलेल्या लोकांनी परत आणली. त्या कयाक रुंद आणि मोठ्या तोंडाच्या, रोलसाठी नव्हेतच. ‘ग्रीनलँड पद्धत’ म्हणून जगात पसरली ती प्रामुख्याने पश्चिम किनाऱ्याची.

हा प्रसारही एका विशिष्ट होडीपासून नीट दाखवता येतो. 1959 मध्ये केन टेलर हा स्कॉटिश तरुण पश्चिम ग्रीनलँडमधल्या इलोरसुइत या वस्तीत राहिला आणि इमॅन्युएल कॉर्नेलियसन यांनी त्याच्या मापाने बांधलेली कयाक स्कॉटलंडला घेऊन आला. डंकन विनिंग यांनी तिची रेखाकृती केली. त्या वंशातून 1970च्या दशकात जेफ ब्लॅकफर्ड यांची ‘अ‍ॅनास अ‍ॅक्यूटा’ आणि पुढे फायबरग्लासच्या अनेक ब्रिटिश समुद्री कयाक निघाल्या. खुद्द ग्रीनलँडमध्ये 1980च्या दशकात तरुणांनी क्लब काढले, राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेत शर्यतींबरोबर रोलच्या तीसहून अधिक प्रकारांना काठिण्यानुसार गुण मिळतात.

आता प्रवासाचा हिशोब. होडी 16 किलो, माणूस 70, कपडे आणि जॅकेट 5 : एकूण 91 किलो. प्रवासाचे सामान आणि पाणी 25 किलो धरले तर 116. पाण्याच्या रेषेवरचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर असेल तर प्रत्येक 15 किलोला होडी साधारण एक सेंमी बसते. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या होडीत फरक जेमतेम पावणेदोन सेंमीचा. हा आकडा फार बोलका आहे. प्रवासासाठी पोट प्रचंड फुगवण्याची गरज नसते. रचनेचे वजन, म्हणजे ज्या एकूण भारासाठी आकार आखायचा ते, 100 ते 105 किलो धरावे आणि जादा घनफळ द्यायचेच तर पुढच्या पाठीला, पायांच्या वर आणि नाळेकडे (होडीच्या पुढच्या टोकाकडे) द्यावे. तिथे ते लाटेतून नाळ उचलते, तळवे सुखावतात आणि रोलला अडथळा येत नाही. मागची पाठ मात्र 20 सेंमीच्या वर जाऊ देऊ नये. जागा कमी पडली तर सामान कमी करावे.

वेगाच्या बाबतीत लांबीचा सोस व्यर्थ आहे. पाण्यात 4.6 मीटर लांबी असली तरी होडीने स्वतः उठवलेल्या लाटेने घातलेली वेगमर्यादा तासाला साडेनऊ किलोमीटरच्या आसपास येते, आणि दिवसभर वल्हवणारा माणूस सहा-सातच्या वर क्वचितच टिकतो. त्या वेगाला पाण्याला घासणारा पृष्ठभाग जास्त महाग पडतो. वाऱ्याचा प्रश्न त्याहून गंभीर. चालत्या होडीची नाळ पाण्यात धरलेली असते आणि मागचे टोक वाऱ्याखाली घसरते, त्यामुळे होडी वाऱ्याकडे तोंड फिरवते. तळकणा मागच्या टोकाकडे अधिक सरळ आणि खोल ठेवणे, बैठक काही सेंमी मागे घेणे किंवा खालीवर होणारा स्केग (मागच्या तळाखालचा लहान पंख) बसवणे हे त्यावरचे उपाय. खूप उंच टोके देखणी दिसतात, पण वारा तीच आधी पकडतो.

पारंपरिक लहान गोल कॉकपिटमध्ये पाय सरळ करून मागून सरकत शिरावे लागते. लाटांत बाहेर पडलेल्या माणसाला त्यात परत शिरणे फार कठीण. म्हणून प्रवासाच्या होडीला मांड्यांना आधार देणारे, 70-75 सेंमी लांबीचे चावीच्या भोकाच्या आकाराचे कॉकपिट द्यावे, असा माझा आग्रह आहे. फायबरग्लास आणि प्लायवूडच्या होड्यांत पुढेमागे बल्कहेड (पाणी अडवणाऱ्या आडव्या भिंती) आणि हॅच (सामान ठेवायची झाकणाची तोंडे) येतात. कापडी आवरणाच्या होडीत, म्हणजे नायलॉन किंवा पॉलिएस्टरवर पॉलियुरेथेनचा थर दिलेल्या होडीत, बल्कहेड सहसा नसतात. तिथे दोन्ही टोकांत हवेच्या पिशव्या बांधल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

वल्हेही याच मापशास्त्रातले. लांबी एक वाव आणि कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, म्हणजे बहुतेकांना 210 ते 220 सेंमी. मधला दांडा खांद्यांएवढा. पाते मुठीत मावेल इतकेच रुंद, आठ-नऊ सेंमी. पाते मुठीत धरता येते म्हणून वल्हे बाजूला सरकवून लांब करता येते आणि रोलला तरफ मिळते.

होडी घडवण्याआधी कॉकपिटचा नमुना प्लायवूडच्या तुकड्यांचा करून जमिनीवर ठेवावा, तुइलिक घालून त्यात अर्धा तास बसावे, मागे पूर्ण झोपून पाहावे, कमान एकेक सेंमी खालीवर करावी. मांडीची पकड, पाठीची मोकळीक आणि पायांचा आराम या तिन्ही गोष्टी जमल्यावरच फळ्या कापायला घ्याव्यात.