मुंबईचा बिशप नेमायचा कोणी? कलकत्ता ते नागपूर, एक जुना घोळ

सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मुंबई डायोसीसमध्ये (बिशपच्या हाताखालचा प्रांत) बिशप, कौन्सिल, सिनॉड (चर्चची सर्वात वरची सभा) असं सगळं ऐकू येतं ना, ते एका दिवसात आलेलं नाही. मुळात इथे अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचा, बिशपच नव्हता. फोर्टातलं सेंट थॉमस, ज्याच्यामुळे चर्चगेट हे नाव पडलं, ते १७१८ च्या नाताळात उघडलं, पण त्याला कॅथीड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, म्हणायला १८३७ उजाडलं! मधली शंभरेक वर्षं ईस्ट इंडिया कंपनीचे चॅपलन, म्हणजे पगारी पाद्री, गोऱ्या साहेबांपुरतं बघायचे.

१८१४ मध्ये कलकत्त्याला बिशप बसवला आणि मुंबईला त्याच्या हाताखाली फक्त एक आर्चडीकन, म्हणजे बिशपचा मदतनीस. त्या डायोसीसचा पसारा एवढा की काही वर्षं ऑस्ट्रेलियाचं सिडनीसुद्धा त्यातच होतं, आता बोला. पहिल्या बिशपला, मिडलटनना, मिशनरी आपल्या हुकमात येतात की नाही तेच कळेना म्हणून ते त्यांना काम करायचं लायसन्सच देईनात, पुढे दुसरे बिशप हीबर आले आणि त्यांनी देऊन टाकलं.

मग १८३३ च्या चार्टर ॲक्टने मद्रास आणि मुंबईला वेगळे बिशप मिळाले. मुंबईत पहिले थॉमस कार, १८३७. नेमणूक राजाची, पगार कंपनीच्या तिजोरीतून, म्हणजे बिशप झाला तरी माणूस सरकारीच. चर्चमधल्या मराठी माणसाला कोण विचारणार! पहिला भारतीय अँग्लिकन बिशप, अझारिया, १९१२ मध्ये झाला, तोही तेलुगू मुलखातल्या दोर्नाकलला.

१९२९ मध्ये मुंबईतून नाशिकची वेगळी डायोसीस निघाली. तिथे सीएमएसच्या (चर्च मिशनरी सोसायटी) मिशनऱ्यांनी शरणपूर वसवलं होतं (आजचा शरणपूर रोड तोच), त्यामुळे मंडळी मराठी आणि बऱ्यापैकी जुनी होती. खरा बदल मात्र १९३० चा, इंडियन चर्च ॲक्टमुळे सरकारशी बांधलेली गाठ सुटली आणि बिशप निवडायचा हक्क इथल्या चर्चकडे आला. माझ्या मते १९७० च्या एकीकरणापेक्षा हीच तारीख मोठी, पण लक्षात कोणाच्या नसते.

२९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन सीएनआय झालं. त्यात बिशपची गादी अँग्लिकनांकडून आली, पण प्रेस्बिटेरियन आणि बाप्टिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथांच्या मंडळींना कमिटीत बसून ठरवायची सवय होती, मग दोन्ही ठेवलं. म्हणून आज बिशपच्या शेजारी पाळक आणि साध्या सभासदांची कौन्सिल बसते, आणि सगळ्यांच्या वर सिनॉड आणि त्याचा मॉडरेटर, म्हणजे प्रमुख.