कुस्को

पेरू देशाच्या आग्नेय भागात, अँडीज पर्वतातील एका खोलगट खोऱ्यात वसलेले शहर. इंका साम्राज्याची जुनी राजधानी. समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे ३,४०० मी. कळसूबाईवर दुसरी कळसूबाई ठेवली तरी इथल्या मुख्य चौकापर्यंत पोचायला शंभरेक मीटर कमीच पडतील. लोकसंख्या चार लाखांहून अधिक. बोलभाषा स्पॅनिश आणि केचुआ. ‘जगाची नाभी’ हा शहराच्या नावाचा अर्थ प्रवासी पुस्तिकांत सर्रास छापलेला असतो. तो गार्सिलासो दे ला वेगा याने सतराव्या शतकाच्या आरंभी सांगितला. गार्सिलासोचा जन्म कुस्कोतलाच. आई इंका राजघराण्यातली, बाप स्पॅनिश. आजच्या काही भाषाशास्त्रज्ञांना हा अर्थ पटत नाही, पण लोकांच्या तोंडी तो बसला तो बसलाच.

पंधराव्या शतकात पाचाकुती या राजाने शहराची नव्याने आखणी केली, असे मानतात. इंका आपल्या राज्याला ‘तावांतिनसुयू’ म्हणत, म्हणजे एकत्र आलेले चार प्रदेश. त्या चारही प्रदेशांकडे जाणारे रस्ते कुस्कोच्या चौकातून निघत. नोव्हेंबर १५३३ मध्ये स्पॅनिश सेनानी फ्रान्सिस्को पिसारोचे सैन्य शहरात शिरले. १५३६ मध्ये इंका राजा मांको इंका याने मोठ्या फौजेनिशी वेढा घातला, तोही अखेर फसला. स्पॅनिशांनी शहर पाडून टाकले नाही. त्यांनी इंकांच्या भिंती जोत्यासारख्या वापरल्या आणि वर आपली घरे नि चर्चे चढवली. त्यामुळे कुस्कोत ‘अवशेष कुठे आहेत?’ असे विचारण्यात फारसा अर्थ नाही. बाजाराला जाताना खांद्याला घासते ती भिंतही इंकाकालीन असू शकते.

हातुन रूमियोक ही गल्ली त्यासाठी पाहावी. दोन माणसे शेजारी चालली की भरून गेल्यासारखी वाटते. एका बाजूला हिरवट-करड्या दगडांची भिंत, कोणतेही दोन दगड एका आकाराचे नाहीत, आणि मधोमध बारा कोपऱ्यांचा तो प्रसिद्ध दगड. बाराही कोपऱ्यांत शेजारचे दगड चपखल बसले आहेत. सांध्यात चुना नाही, माती नाही. नखही शिरत नाही. आपल्याकडच्या हेमाडपंती देवळांतही चुन्याशिवाय दगड बसवलेले दिसतात, पण ते बहुतेक सरळ कडांचे. इथे प्रत्येक दगड शेजाऱ्याच्या मापाने ठोकून, घासून घडवला आहे. इंकांकडे लोखंड नव्हते. कठीण दगडाच्या गोट्यांनीच ते दगड फोडत. भिंती वर जाताना किंचित आत झुकतात, दारे-कोनाडे वर निमुळते होतात. भूकंपाच्या प्रदेशात याचा उपयोग काय, ते २१ मे १९५० रोजी दिसले. त्या भूकंपात कोरिकांचा या सूर्यमंदिरावर उभारलेल्या सांतो दोमिंगो मठाची मोठी पडझड झाली आणि त्याच्याआड दडलेल्या इंका भिंती उघड्या पडल्या. त्या जागच्या जागी होत्या. या मंदिराचे सोन्याचे पत्रे मात्र १५३३ मध्येच, स्पॅनिशांच्या कैदेतल्या इंका राजा अताहुआल्पाच्या खंडणीसाठी उचकटून नेले गेले होते.

शहराच्या डोक्यावर, सुमारे ३,७०० मीटरवर, साक्सायवामान हा इंकांचा गड आहे. नागमोडी वळणांच्या तीन तटभिंती एकावर एक चढत जातात; सर्वांत मोठे दगड शंभर टनांच्या वरचे मानले जातात. छोटे दगड स्पॅनिशांनी चर्च आणि घरांसाठी खाली वाहून नेले. जे हलले नाहीत तेच उरले. सूर्याचा उत्सव ‘इंती राय्मी’ येथे २४ जूनला होतो. वसाहतकाळात तो बंद पडला होता. १९४४ पासून पुन्हा साजरा होऊ लागला. युनेस्कोने १९८३ मध्ये कुस्कोला जागतिक वारशाचा दर्जा दिला.

पाहुण्याची खरी गाठ पडते ती उंचीशी. पेरूची राजधानी लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमान सव्वा तासात ३,३०० मीटरवरच्या विमानतळावर आणून सोडते, शरीराला सरावायला वेळच मिळत नाही. हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण तेच असते, पण दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांश, त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजन कमी येतो. डोके ठणकणे, मळमळ, भूक मरणे, रात्री झोप मोडणे या त्रासाला इथे ‘सोरोचे’ म्हणतात. लेहला विमानाने गेलेल्यांना तो परिचयाचा असेल. विश्रांती, हलके जेवण, दारू वर्ज्य आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेली अ‍ॅसिटाझोलामाइड गोळी एवढ्यावर बहुतेकांचे भागते. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर मात्र थांबू नये, ताबडतोब खाली उतरावे.

यातून एक साधी गोष्ट निघते, जी अनेक सहलींच्या आखणीत उलटी झालेली असते. माचू पिक्चू हे इंकांचे जुने नगर २,४३० मीटरवर, म्हणजे कुस्कोहून जवळजवळ एक किलोमीटर खाली आहे. वाटेवरचे, उरुबांबा नदीच्या खोऱ्यातले ओयांताइतांबो हे गाव २,८०० मीटरच्या आसपास. विमानतळावरून थेट या खोऱ्यात उतरावे, तिथे दोन-तीन रात्री काढाव्यात, माचू पिक्चू आटोपावे आणि कुस्को शेवटी ठेवावे.

हॉटेलांत आल्या आल्या कोकाच्या पानांचा काढा पुढे केला जातो. अँडीजमध्ये ही पाने शतकानुशतके चघळली जातात, पेरूत ती कायदेशीर आहेत. सोरोचेवर तो कितपत लागू पडतो याचा भक्कम पुरावा नाही. पाने सामानात घालून भारतात आणणे मात्र अमली पदार्थविषयक कायद्यान्वये गुन्हा आहे, आणि काढा प्यायल्यावर मूत्रतपासणीत कोकेनचा अंश सापडू शकतो.

मे ते सप्टेंबर कोरडा काळ. जून-जुलैत दुपारी ऊन चटका देते आणि रात्री पारा शून्याजवळ जातो. पाणी इथे ८८-८९ अंशांनाच उकळते, तेव्हा डाळ-भाताची हौस असणाऱ्याला कुकर लागतोच. सान पेद्रोच्या मंडईत पोत्यांत पांढरे, खडूच्या ढेकळांसारखे काही भरलेले असते. ते ‘चुन्यो’, म्हणजे बटाटे. याहून वरच्या गावांत बटाटे रात्रीच्या हिमात गोठवतात, दिवसा उन्हात पसरतात, पायांनी तुडवून पाणी काढतात. उचलले तर हाताला कागदासारखे हलके लागतात, वर्षानुवर्षे टिकतात.